बरा होता

शनिवारची सकाळ, डुलुथ. काठापाशी
सरोवर गोठलेलं, दूर एका जहाजावर दिवा.
मारिट माझ्या पायांवर पाय टाकून बसलेली,
वाटीतलं सीरिअल दुधात मऊ पडलेलं.

आजच्या भागात पाहुणा रॉस्को लिंडक्विस्ट,
आमच्याच गावचा गोलकीपर, आता निवृत्त.
चित्रात त्याला जबडा जास्त दिलाय, आणि केससुद्धा,
जे तेव्हाही नव्हते.

रिंकवर रात्री भूत फिरतं.
पाहुण्यावर संशय घ्यायचा नसतो,
हे सात वर्षांच्या मारिटलाही ठाऊक.
मग उरतो कोण?
बर्फ सारखा करायचं यंत्र चालवणारा म्हातारा.
पहिल्या जाहिरातीआधीच तिनं बोट दाखवलं,
आणि माझ्याकडे बघून हसली.
शाळेच्या रिंकवर ते यंत्र मी चालवतो,
एकोणीस वर्षं.
ते असं उलटं फिरवत नाहीत.

रॉस्को संवाद वाचत गेला
किराण्याची यादी वाचावी तसे.
एकदाच, पाठलाग संपल्यावर, धापा टाकत म्हणाला,
"रिकामं मैदान बघवत नाही मला."
हे कुणी लिहून दिलेलं नसावं.
माझा चमचा हातातच राहिला.
तेवढ्यात ढोल वाजले, मुखवटा ओढला गेला.
म्हाताराच निघाला.

"कसा वाटला?"
बरा होता, म्हटलं.
"त्या आजोबांना सोडतील का आता?"
भाग तर संपला होता.
पुढच्या शनिवारी कुणी गायिका येणार आहे म्हणे.
बघू.
तिनं वाटीतलं उरलेलं दूध
माझ्याकडे सरकवलं.