तोडू नये

चौदाशे टर्मिनलांची यादी उतरवत होतो
जुन्या प्रोग्रॅममधून नव्यात.
पंधरा मिनिटं बोट हललं नाही की सेशन तुटतं,
सगळ्यांना एकच कायदा.
मध्येच, ओळ तीनशे बारा :
लाखांदूर सोडून.
बाजूला शेरा, रोमन कॅपिटलांत मराठी,
कारण त्या मशीनला दुसरं काही लिहिताच येत नव्हतं :
बाईंना तोडू नये.

साल सत्त्याण्णव. सही नाही.
नागपूरच्या वीज ऑफिसात कुणाला ठाऊक नाही, कोण बाई.
साहेब म्हणाले, काढून टाक, असा कचरा असतोच.
रविवारी मी वडशाची बस धरली,
पुढे वैनगंगेच्या पुलावरून काळीपिवळी,
पायाशी कुणाचीतरी बांधलेली कोंबडी,
खांबाखांबावर मंडईच्या नाटकांची पोस्टरं.

यशोधरा खोब्रागडे. रिटायर होऊन नऊ वर्षं.
अंगणात लाखोळीची भाजी निवडत होत्या.
कागद पाहिला, चष्मा पुसला, पुन्हा पाहिला.
"अजून हाय का जी थे?"

हिरव्या अक्षरांचा पडदा होता म्हणे,
चोवीस ओळी, ऐंशी खाने,
आणि एकाच डब्यात चार सेशनं :
बिल, मीटर, तक्रार, तोडणी.
एक बटण दाबलं की यातून त्यात,
जसा झाडीच्या नाटकातला एकच गडी
पहिल्या अंकात पाटील, तिसऱ्यात फौजदार.
खाली डाव्या कोपऱ्यात इवलं घड्याळ उगवलं
की समजायचं नागपूर विचार करतंय,
हात आवरायचा.

"पण माणूस खिडकीत आला ना जी,
थो बिलापासून नाही सुरू करत.
म्हैस हरवली तेथून सुरू करते.
मंग भावाची वाटणी, मंग मीटर बुढ्याच्या नावावर,
बुढा जाऊन बारा वर्षं.
मी अर्धा फारम भरून आयकत बसो,
आन पंधरा मिनिटं झाले का सारं पुसून जाय.
आता माणसाले काय सांगू,
पहिल्यापासून बोला?"

पोस्टकार्ड टाकलं नागपूरला. उत्तर आलं नाही.
एका सोमवारपासून सेशन तुटेनासं झालं.
"मले वाटलं मशीन बिघडली.
कोणाले सांगितलं नाही मी.
दुरुस्त केली असती त्याईनं."

मी सांगितलं, आता सगळं ब्राउझरमध्ये उघडेल,
चारही सेशनं शेजारी शेजारी, फोनवरसुद्धा.
मर्यादा दहा मिनिटांची. सुरक्षेचा नियम,
अपवाद ठेवता येत नाही.
त्यांनी काड्या वेगळ्या केल्या, पानं वेगळी.
"खिडकीत कोण बसते आता?"
कंत्राटी पोरगा. निखाडे.
"आयकते का थो?"
मला माहीत नव्हतं.

मांडीवरचा लॅपटॉप तोवर काळा पडला होता.
"तुमचा डबा झोपला जी."
उठवला, तर मलाच विचारू लागला
तू कोण.

मर्यादा मी दहाच ठेवली आहे.
पण तुटताना अर्धा फॉर्म जपून ठेवायचा,
बोट कुठल्या रकान्यात थांबलं होतं तेसुद्धा,
आणि परत आल्यावर तिथंच नेऊन सोडायचं.
एवढ्याला तीन रात्री गेल्या.
वर शेरा लिहिला, या वेळी देवनागरीत.
तपासणारा बंगळूरचा. त्यानं विचारलंय,
हे कुणी मागितलं,
आणि वरची ओळ कुठल्या भाषेत आहे.
सोमवारी मीटिंग आहे, अर्ध्या तासाची.

म्हैस हरवली तिथपासून सुरू करावं म्हणतो.