खरी गोम

पहिली दिसली मंगळवारी, रात्री दोन वाजता,
नहाणीच्या जाळीतून अर्धी वर आलेली,
मिशा हलवत, मीटर बघायला आलेला माणूस
आत येऊ का विचारतो तशी.
चप्पल सापडेपर्यंत ती खाली गेली होती.
मी जाळीवर बादली उपडी घातली, वर पाटा ठेवला,
आणि सकाळी अंघोळी कुठे करायच्या हे कुणी विचारलंच नाही.

विक्रोळी, कन्नमवार नगर, तळमजला.
वरच्या नाबरबाई म्हणाल्या, रॉकेल ओता.
समोरच्यांनी मीठ सांगितलं.
दूधवाला म्हणाला, ताई, कान सांभाळा, ती कानातच जाते.
आठवडाभर आम्ही तिघं कापसाचे बोळे घालून झोपलो.
अलार्म वाजून वाजून दमला.

मग हनीफ चौगुले आला.
पाठीवरचा पंप त्याने दारातच उतरवला.
आधी दाखवा, आहे कोण.
मैथिलीने मुरांब्याच्या बरणीत एक धरून ठेवली होती.
ही गोम, तो म्हणाला. अंग चपटं, दर पेराला पायांची एकच जोडी. चावते.
पेराला दोन जोड्या असल्या, अंग गोल,
आणि हात लावताच पैशासारखी वळली, तर ती वाणी,
गरीब बिचारी, सुपलीत घ्या न् कुंडीत सोडा.
आणि दिवा लावला की भिंतीवरून सुटते ती, केसांसारख्या पायांची,
तिला मारू नका. झुरळं खाते तुमची, पगार मागत नाही.

मैथिली बरणी फिरवून मोजत होती. बेचाळीस.
पुस्तकात तर शतपाद लिहिलंय.
शंभर कधी भरत नाहीत बाळा, हनीफ म्हणाला,
जोड्या कायम विषम.

मग भिंतीला त्याने हाताची मागची बाजू लावली,
ताप बघतात तशी.
ओल आहे, म्हणून ती आहे.
कोरड्यात तिचं अंग सुकतं, ती थांबत नाही.
औषध मारतो, पैसे घेतो,
पण पंधरा दिवसांनी तिची बहीण येईल.
पाइप बदला. दाराखालची फट बुजवा.
आणि मोरीमागे या लाद्या कशाला रचून ठेवल्यात?

नव्या घरात लागतील, नवरा म्हणाला,
आणि माझ्याकडे बघायचं टाळलं.

नवं घर अकरा वर्षं पुढच्या वर्षी होतंय.
दर मीटिंगला पेडामकर चहा सांगतात, नकाशा उघडतात,
बिल्डिंग पडणारच, पाइपावर खर्च कशाला?
मागे मी वाद घातला तर हसून म्हणाले,
गोमेचा एक पाय मोडला म्हणून ती लंगडत नाही, वहिनी.
तेव्हापासून पाइप ठिबकतोय, जाळी तुटकी,
रंग नाही, खिळा ठोकायचा तर आधी विचार,
आणि आम्ही सगळे या इमारतीत
स्टेशनच्या बाकावर बसावं तसे, पिशवी मांडीवर घेऊन.

रविवारी लाद्या हलवल्या.
मैथिलीला दूध आणायला पाठवलं होतं.
शेवटच्या लादीखाली ती होती, वीतभर,
अंगाची चुंबळ करून,
आणि चुंबळीत पिल्लं, पांढरी, शेवयांच्या चुऱ्यासारखी.
पळाली नाही. उजेड पडला तशी आणखी घट्ट झाली.
नवरा झाडू धरून उभाच राहिला.
पातेलं मी आणलं. पाणी उकळतं होतं.
खोटं कशाला सांगू.

पाइप आम्ही पदरच्या पैशांनी बदलला.
लाद्या भंगारवाल्यानेही घेतल्या नाहीत,
शेवटी नाबरबाईंनी तुळशीभोवती लावल्या.
पेडामकर जिन्यात भेटले, म्हणाले, फुकट घातलेत.
मी म्हटलं, असेल.

नवी जाळी चकचकीत आहे, तिच्यात दिव्याचा तुकडा दिसतो.
रात्री कधी भिंतीवर ती केसाळ पायांची थबकते,
मी दिवा बंद करते, करू दे तिला तिचं काम.
कापूस मात्र उशीखाली आहे अजून.

काय होतं गं लाद्यांखाली? मैथिलीने विचारलं त्या दिवशी,
दुधाची पिशवी हातात, गाल लाल.
ओल, मी म्हटलं.