सत्ताविसाव्याची शीट

मजला चौदा ते एक्केचाळीस: टिपिकल.
एकदा काढायचा आणि बांधत सुटायचं.
फक्त सत्तावीस निराळा, तिथे खांब बारीक होतात
म्हणून त्याची शीट वेगळी.
तेरावा नाहीच. अपशकुन
लिफ्टच्या बटणांतूनच गाळून टाकलाय.

शारजातलं आमचं ऑफिस. भर मे महिन्यात
मी शाल पांघरून बसते.
वदीहसाहेब म्हणतात, मोहन्दिसा,
संडासाचं तोंड किब्ल्याकडे आलंय, फिरव.
फिरवते. त्याबरोबर पाइप फिरतो, पाइपाबरोबर शाफ्ट,
शाफ्टाबरोबर कुंजुमोनची सुट्टी.

वाऱ्याचीही परीक्षा झाली.
हातभर टॉवर बोगद्यात उभा करून
त्याच्यावर शमाल सोडला.
आकडा आला: माथ्यावर डोलेल,
पण झोपलेल्याला कळणार नाही.

स्वयंपाकघरामागे मोलकरणीची खोली.
एक ऐंशी बाय दोन दहा.
पलंग टाकला की दार अर्धंच उघडतं.
मी मनातल्या मनात तिथे आडवी झाले,
पाय दुमडावे लागले.
मग डक्ट चाळीस सेंटीमीटर सरकवली
आणि बाहेरच्या भिंतीला खिडकी दिली, साठ बाय साठ.
समुद्र नाही. पार्किंग, आणि वर उरेल तेवढं आकाश.

मालकाच्या मीटिंगमध्ये कुणीतरी गुणाकार केला.
काच, फ्रेम, सीलंट, गुणिले मजले.
खिडकीभोवती लाल ढग आला
(दुरुस्तीभोवती आम्ही ढग काढतो;
या गावात ढग म्हणाल तर एवढेच).
टिपिकल शीटवर मी भिंत सलग केली.

सत्ताविसाव्याची शीट उघडली होती का मी?
उघडली होती.
तशीच बंद केली.
आठ सह्या आहेत तिच्यावर, माझी धरून.

आता लोक राहायला आलेत.
संध्याकाळी मागच्या सिग्नलला गाडी थांबली
की मी खालून मोजते.
तेरावा नाही हे विसरते, चुकते,
पुन्हा पहिल्यापासून. तोवर मागचा हॉर्न मारतो.
काल सापडली.
सगळ्या कोऱ्या भिंतीत एकच चौकोन
आणि काचेला आतून चांदीचा कागद चिकटवलेला,
डोळे दिपतील इतका चमकत होता.

पश्चिमेची बाजू ती.
दुपारभर ऊन थेट उशीवर येत असणार.
चाळीस सेंटीमीटर सरकवताना
हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.