अडीच

फॉर्मच्या सातव्या पानावर एक चौकोन होता:
या योजनेतून किती नोकऱ्या निर्माण होतील?
मी आकड्यात लिहिलं, २.५

दोन पूर्ण: कॅलम एअरी आणि त्याची चुलतबहीण टेस.
अर्धी नॉर्मा टॅलन्टायरची.
तिला सकाळीच जमतं. साडेबारानंतर
नवऱ्यापाशी बसावं लागतं,
नाहीतर तो काठी घेऊन मेंढवाड्याकडे निघतो,
आणि मेंढवाडा विकून आता नऊ वर्षं झाली.

स्केलबेक, लोकसंख्या आठशे चाळीस.
आधी बँक गेली, मग पोस्ट, मग साडेपाचची बस.
मेंढ्या तेवढ्या राहिल्या.
कातरणाऱ्याची मजुरीही लोकरीतून सुटत नाही,
म्हणून जूनच्या संध्याकाळी
टेकडीमागे लोकर जाळतात.
पहिल्या वर्षी त्या वासाने मी खिडक्या लावून घेतल्या.

मी इचलकरंजीची.
मागांच्या खटखटीत गाढ झोपणारी;
खटखट थांबली की आमच्या घरात सगळे जागे व्हायचे.
इथं आले तेव्हा वाटलं, गाव शांत आहे.
शांत नव्हतं, थांबलेलं होतं.
हा फरक मला कानाने कळतो.
ग्रामपरिषदेची कारकुनी धरली, आठवड्याला सोळा तास,
म्हणजे हिशेबाने मीसुद्धा अर्धीच.

योजना साधी होती.
सपातांच्या बंद कारखान्यात लोकर धुण्याचं एक यंत्र.
धुतलेल्या लोकरीचं अस्तर
मासे आणि चीज पाठवायच्या खोक्यांना.
तीन वर्षं फाइल फिरली.
एकदा वैतागून बैठकीत म्हटलं,
आमच्याकडे याला भिजत घोंगडं म्हणतात.
मग घोंगडं म्हणजे काय, ते सांगावं लागलं.
म्हातारा आयझॅक फॉदरगिल विचार करून म्हणाला,
"भिजलेलंच बरं. ओली लोकर पेट घेत नाही."

आणि मंजुरीचं पत्र आलं.
अभिनंदन.
निर्माण होणाऱ्या नोकऱ्या: २५

त्यांच्या संगणकाने टिंब गिळलं होतं.

सभागृहात बराच वेळ कोणी बोललं नाही,
रेडिएटर तेवढा कण्हत होता.
पंचवीस.
प्रत्येकजण मनातल्या मनात नावं भरत होता,
लीड्सला गोदामात रात्रपाळी करणारा मुलगा,
सुट्टीपुरती येणारी नात,
कुणाची घर सोडून गेलेली बायकोसुद्धा.
मीही एक नाव भरलं, खोटं कशाला बोलू.
"गप्प बसलो तर?" कॅलम म्हणाला.
नॉर्माने चष्मा पुसला.
"आणि बाकीचे साडेबावीस कोण? भुतं?"

पत्र मीच लिहिलं.
त्या एका टिंबापायी
निम्मा निधी गेला.

उरलेल्यात नवं यंत्र येईना.
आयझॅकने ब्रॅडफर्डकडच्या मोडीत निघालेल्या गिरणीतून
एक जुनं हुडकून काढलं, स्वतःच्या वयाचं.
दोनशे सहा जणांनी पन्नास-पन्नास पौंडांचे भाग घेतले,
एकाने दहाचाच घेतला, पावती मात्र चौकटीत लावली.

मार्चमधल्या एका मंगळवारी
गेल्या वर्षीची, न जाळलेली लोकर हौदात पडली.
पाणी आधी काळं झालं,
मग तपकिरी, मग उकळत्या चहाच्या रंगाचं.
टाळ्या कोणी वाजवल्या नाहीत,
पट्टा दोनदा घसरला होता आणि टेसच्या बुटात पाणी गेलं होतं.
पण यंत्र खटखटत होतं.
मी दाराशी उभी राहिले, कागद हातात,
थोडा वेळ काहीच न लिहिता.

साडेबाराला नॉर्मा घरी गेली.
लोकरीच्या तेलाने तिचे हात मऊ पडले होते.
नवऱ्याने एक हात नाकाशी नेला,
महिन्याभरात पहिल्यांदाच सरळ तिच्याकडे पाहिलं,
"कातरणी झाली का सगळी?"
"निम्मी झाली," ती म्हणाली.

तिमाही अहवालात पुन्हा तोच चौकोन.
या वेळी मी अक्षरी लिहिलं.