पेटीतल्या भाकरी

पाचला घंटा.
घंटा म्हणजे रुळाचा तुकडा, लिंबाला टांगलेला.
याकोबमामा तो दगडानं वाजवतात;
हातोडा गेल्या साली कुणीतरी नेला
आणि पाळकसाहेब म्हणाले, गरज असेल बिचाऱ्याला.
गरज आम्हालाही होती.
पण हे मी प्रार्थनेत बोलते, सभेत नाही.

सत्तेचाळीस मुली, दोन नळ, त्यातला एक कोरडा.
धारूरच्या घाटावरून वारं येतं, पायरी गार असते,
मी फणी घेऊन बसते.
माझी सकाळची प्रार्थना उवांमधून जाते:
देवा, हिचा ताप उतरू दे,
हिच्या बापाचा ट्रक सुखरूप पोचू दे,
मान हलवू नकोस गं –
हे शेवटचं देवाला नव्हे.

इथं आले तेव्हा मला पाचारण झालं होतं.
अर्जात तसं लिहिलं होतं मी, निळ्या शाईनं.
आता पाचारण म्हणजे कोठीची किल्ली,
ज्वारीचं माप,
संडासाच्या दारासाठी मिस्त्रीची अजीजी.
आवाज कुठून आला होता, नीट आठवत नाही.
मी आलेली आहे, एवढं हजेरीपटावर रोज दिसतं.

गुरुवारी शास्त्राच्या तासाला मान्ना शिकवला.
रानात आभाळातून पडलेलं अन्न,
रोजचं रोज वेचायचं, उद्याला ठेवायचं नाही;
ज्यांनी ठेवलं त्यांच्यात किडे पडले.
‘त्यांच्या मान्नात,’ मी दुरुस्त केलं, कारण मुली हसल्या.
सेवंता राठोड हसली नाही.

शनिवारी मुंग्या.
जिन्याखालून रांगेनं,
आमच्या प्रार्थनेच्या रांगेहून बऱ्या शिस्तीत,
तिसऱ्या खोलीत, सेवंताच्या पत्र्याच्या पेटीत.
कुलूप नव्हतं, सुतळी होती.
आत दोन झगे, आईची कवड्यांची पट्टी,
आणि ओढणीत बांधलेल्या भाकरी.
अर्ध्या अर्ध्या. एकावर एक.
मोजल्या. एकोणीस.

एकोणीस संध्याकाळी ही पोर
भाकरीसाठी डोळे मिटून आभार मानत होती
आणि मी समोर वही घेऊन
सगळ्या जेवल्या, अशी खूण करत होते.

‘बाल्याला ठिवल्यात, बाई.’
बाल्या चार वर्षांचा. आईबापासंगं कोल्हापूरकडं, कोपीवर.
‘त्यो तिकडं नीट जेवत न्हाई. आला की दीन.’
‘येणार कधी?’
‘उन्हाळ्यात.’
‘तोवर किडे पड...’
वाक्य माझ्याच तोंडात राहिलं.
हात लावला होता मी. एकीतही किडा नव्हता.
आमच्याकडची कोरडी हवा. ज्वारी वाळते,
बोटानं टिचकी मारली की कौलासारखी वाजते.
मान्ना कुजला असेल.

गुरुवारचा धडा मी परत घेतला नाही;
परत घेण्याइतकं शास्त्र मला येत नाही.
कोठीतून बिस्किटांचा रिकामा डबा आणला, घट्ट झाकणाचा,
तळाशी लिंबाचा पाला घातला,
दोघींनी मिळून मुंग्या झटकल्या.
मग सालोमीमावशीला सांगितलं,
हिला रात्री दीड वाढत जा. वहीत एकच लिही.

खोटा हिशेब लिहिणं पाप का, रात्री विचारलं.
उत्तर आलं नाही. याकोबमामांचा खोकला आला.
वाऱ्यानं लिंब हलला, रूळ आपोआप किणकिणला;
त्याला उत्तर म्हणायचा मोह झाला.
नाही म्हटलं.

डब्यावर खडूनं नाव आहे, बाल्या. ‘ल’ उलटा.
आज त्यात एकविसावी गेली, अर्धीच.
एक तिनं खाल्ली,
मी समोर बसून पाहिली.