चुन्याची रेघ

सलग सहावी हार.
शेषरावच्या पंक्चरच्या दुकानात
ट्यूबपेक्षा सरच जास्त बुडवले जातात.

"बदला त्याले."
"अन् आनतं कोनाले? तुह्या सासऱ्याले?"
"सरावाले येते पोट्टे चार,
बाकीचे वरूडले संत्र्याच्या पेट्या भरते.
थो का एकटाच कबड्डी खेळन?"
"मंग हारलो तं बोलू बी नाई का?"

मीही म्हणालो, बदला.
सर्वांत मोठ्यानं.

तेवढ्यात ढोमणे सर सायकलवरून गेले,
कॅरिअरला चुन्याची पिशवी, कोपऱ्यात फाटकी.
मागे पांढरी रेघ सांडत होती
पार कॉलेजच्या मैदानाकडे.

"मांगचं चाक बसलं हाय त्याहिचं,"
खुशाल म्हणाला,
"हाक मार ना बे."

शेषरावनं पंप उचलला.
हाक कुणीच मारली नाही.