सहावा घसा

सॅमन, आयडाहो. नदी गोठायच्या आठवड्यात
आयडेला हाउगन वडिलांचं रिव्हॉल्व्हर घेऊन आली,
पावाच्या कागदी पिशवीत.
"विकायचंय. आधी तपासून द्या."

सिलिंडर काढला, तेल पुसलं.
शिशाची एक गोळी, इंचाचे चारशे बावन्न हजारांश,
पुढून एकेका घशात अंगठ्यानं ढकलली.
पाचांतून गेली,
जरा कुरकुरत, जावी तशीच.
सहाव्याच्या तोंडाशी अडली.

पुन्हा पुसलं. पुन्हा अडली.
दोन हजारांश कमी. केसाहून बारीक.
कारखान्यात त्या दिवशी रीमर झिजला असेल,
किंवा जेवणाचा भोंगा झाला असेल.
नळीत शिरण्याआधीच गोळी इथं आवळली जायची,
मग नळीला ती धरवत नसे.

"सहांतली एक भरकटायचीच त्यांची," ती म्हणाली.
"डबे मोजायचे, मग स्वतःचा हात बघत बसायचे.
शेवटी शेवटी तर उजवा हात खिशातच.
चर्चमध्येसुद्धा."

मी मायक्रोमीटर तिच्यापुढं धरला.
तिनं आकडा वाचला नाही.

"रीमर फिरवतो. दहा मिनिटांचं काम."
"राहू दे."
अडलेली गोळी उचलून तिनं हातमोज्यात टाकली.

बाहेर तिची गाडी
बराच वेळ सुरूच होती, जागची न हलता.